कोळ्याच्या माथी मारलेले फोड : नाशिकच्या मखमलाबाद रोडवरच्या एका इमारतीतल्या किड्यांच्या प्रकल्प नोंदी

९ जून

काल सोसायटीची मीटिंग झाली. विषय एकच, तिसऱ्या मजल्यावरच्या सातवीतल्या मुलाच्या मानेवर उठलेले फोड. मानेच्या डाव्या बाजूला बोटभर लांबीचा लाल पट्टा आणि त्यावर पिवळसर पाण्याचे बारीक फोड. "कोळी मुतलाय, दुसरं काय," असं त्याच्या आजी म्हणाल्या आणि निम्म्या लोकांनी माना डोलावल्या. लहानपणी आमच्या घरीही हेच म्हणायचे. ठराव असा झाला की जिने, पॅसेज, गच्ची आणि ज्यांना हवी त्यांची घरं, सगळीकडे कोळ्यांसाठी औषध फवारून घ्यायचं.

मी सत्तावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. आपल्या घरातल्या कोळ्यांच्या अंगातून कातडी भाजणारं असं काही बाहेर पडत नाही, एवढं मला ठाऊक होतं. पण मग फोड कशाने आले, असं विचारल्यावर मला उत्तर देता आलं नाही. म्हणून उभी राहिले आणि मुदत मागितली. इमारतीत कोणकोण किडे आहेत याची यादी मी करते, तोवर फवारणी थांबवा. ऑगस्टअखेरपर्यंतची मुदत मिळाली.

साहित्य जमवलं. दहा पट मोठं दाखवणारं भिंग, मोबाइलला लावायचं क्लिपचं भिंग, काचेचा पेला आणि जाड पुठ्ठा, पारदर्शक चिकटपट्टी, होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटल्या. मोजायला आलेखाचा कागद. किडा त्यावर ठेवला की लांबी तिथल्या तिथे मिलिमीटरमध्ये कळते. मेलेले किडे टिकवायला हँड सॅनिटायझरचं जेल. त्यातल्या अल्कोहोलमुळे किडा कुजत नाही आणि जेलमुळे बाटलीच्या मधोमध राहतो, हवा तसा फिरवून बघता येतो.

प्रत्येक किड्याला चार प्रश्न विचारायचे ठरवलं. पाय किती? पंख आहेत का, असले तर कसे? अंगाचे भाग किती? आणि सापडला कुठे? सहा पाय आणि डोकं, छाती, पोट असे तीन भाग असले तर तो कीटक. आठ पाय आणि दोनच भाग असले तर कोळी. कोळ्याला पंख कधीच नसतात.

११ जून

सातच्या सुमाराला पावसाची मोठी सर आली आणि ती थांबताच सगळ्या दिव्यांभोवती पंखवाल्यांचे थवे जमले. अर्ध्या तासात चार फोन आले. "बाई, मुंग्यांना पंख फुटलेत."

पेल्यात धरून भिंगाखाली घेतले. मुंग्या नव्हत्या, वाळवी होती. मुंगीची कंबर दोऱ्यासारखी बारीक असते, वाळवीला कंबरच नसते, छातीला पोट सरळ जोडलेलं. मुंगीच्या मिशा मधेच कोपरासारख्या वाकलेल्या, वाळवीच्या मण्यांच्या सरीसारख्या सरळ. मुंगीचे पुढचे पंख मोठे आणि मागचे लहान, वाळवीचे चारही जवळजवळ सारखे आणि अंगापेक्षा लांब. हे पंख तासाभरात गळतात आणि सकाळी केरात त्यांचा ढीग निघतो.

बाहेरून दिव्यावर आलेल्या वाळवीची काळजी नाही. तळमजल्यावरच्या वहिनींकडे मात्र सगळ्या खिडक्या बंद असताना हॉलमध्ये पंख सापडले. मग दाराच्या चौकटीमागे टॉर्च मारला. भिंतीला चिकटून वर गेलेली पेन्सिलएवढी मातीची नळी दिसली. थोडी फोडली तर आत पांढुरक्या कामकरी वाळव्या. या घराला खरंच माणूस बोलवावा लागेल, आणि तोही वाळवीचं काम करणारा. कोळ्यांवरच्या फवारणीने या नळीच्या आत काही पोचलं नसतं.

१५ जून

आजचा दिवस स्वयंपाकघरांना दिला. वर्षाचे गहू भरण्याचा मोसम नुकताच संपलाय, त्यामुळे प्रत्येक घरात कोठी आहे आणि प्रत्येक घरात तक्रार आहे. मात्र सगळे एकाच नावाने बोलतात, "पोरकिडे झालेत." भिंगाखाली त्या एका नावाचे पाच वेगळे प्राणी निघाले.

गव्हातांदळात सापडतो तो सोंड्या. दोन-तीन मिलिमीटरचा, तपकिरी, पाठीवर चार फिकट ठिपके आणि पुढे हत्तीसारखी सोंड. मादी त्या सोंडेने दाण्याला भोक पाडते, आत एक अंडं घालते आणि भोक बुजवून टाकते. अळी दाण्याच्या पोटातच वाढते, म्हणून चाळून काढलेले गहू आठ-पंधरा दिवसांत पुन्हा तसेच होतात. चाळणीत पडतात ते मोठे झालेले, पुढचे सगळे दाण्यात बसलेले असतात.

पिठात, रव्यात सापडणारा लाल भुंगा साधारण तेवढाच, पण त्याला सोंड नाही. अख्खा दाणा त्याला फोडता येत नाही, तो पीठ आणि भरड यांवर जगतो. त्यांची संख्या वाढली की पिठाला एक उग्र वास येतो. तो वास त्यांच्या अंगातून निघणाऱ्या द्रावाचा असतो, असं पीठ टाकून द्यावं.

मूग, चवळी, हरभऱ्यातला भुंगा अगदी वेगळा, आखूड आणि गोलसर. त्याची ओळख दाण्यावरच मिळते. सालीवर मोहरीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका चिकटलेला असतो, ते अंडं. आणि दाण्याला कंपासने काढावं तसं गोल भोक असेल तर तो बाहेर पडून गेलाय. मोठा झाल्यावर तो धान्य खात नाही. सगळं नुकसान अळीने आधीच केलेलं असतं. डाळीला भुंगा कमी लागतो आणि अख्ख्या कडधान्याला जास्त, हे आपल्या बायकांना पिढ्यानपिढ्या माहीत आहे. तेलाचा हात लावून कडधान्य ठेवायची रीतही त्याच जागी मारते, कारण गुळगुळीत तेलकट दाण्यावर अंडी नीट टिकत नाहीत.

हळद, धणे, मिरचीपूड यांत सापडणारा चौथा, फुगीर पाठीचा, डोकं खाली घालून बसणारा. त्याला तंबाखूचा भुंगा म्हणतात, कारण तो विड्यासिगारेटींतही होतो. पाचवं म्हणजे जाळं. ज्वारी-तांदळाचे दाणे रेशमाने एकमेकांना चिकटलेले दिसले की ते पतंगाच्या अळीचं काम.

रवा, बेसन, मसाले आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवले की अंडी-अळ्यांसकट सगळं मरतं. हे प्रत्येकीला सांगितलं. एका घरात कोठीत त्या राखाडी गोळ्या सापडल्या, हवेतल्या ओलाव्याने विषारी वायू सोडणाऱ्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या. त्या गोदामासाठी असतात, प्रशिक्षित माणसाने वापरायच्या. बंद घरात, मुलं झोपतात त्या खोलीशेजारी त्या ठेवल्यामुळे माणसं दगावलेली आहेत. खिडक्या उघडायला लावल्या, सगळ्यांना बाहेर काढलं आणि मीही बाहेर थांबले. गोळ्यांना हात लावला नाही. अग्निशमन दलाला फोन केला, पुढचं त्यांनी पाहिलं. बाकी काही राहिलं तरी चालेल, हे राहता कामा नये.

२३ जून

दुसरा रुग्ण. तळमजल्यावर भाड्याने राहणारी कॉलेजची मुलगी. उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला फोड, आणि हात दुमडला की जिथे दंड टेकतो तिथेही तंतोतंत तसाच डाग. शाई ओली असताना वही मिटली की समोरच्या पानावर ठसा उमटतो, तसं. तिच्या आईने फोनवर "नागीण असेल" म्हणून सांगितलं होतं आणि मुलगी रडवेली झाली होती.

हा जोडडाग पाहिल्यावर मला पहिल्यांदा धागा सापडला. चावा एका जागी असतो, त्याचा ठसा पडत नाही. म्हणजे कातडीवर काहीतरी द्रव लागलंय आणि घडीमुळे दोन्हीकडे पसरलंय. रात्री काय केलं होतंस, असं विचारलं. खिडकीशी टेबलावर अभ्यास करत होती, खिडकीला जाळी नाही, मागे भाजीचे मळे. हातावर काहीतरी चाललं म्हणून न बघताच चोळून टाकलं. तेव्हा काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी जळजळ आणि तिसऱ्या दिवशी फोड.

२४ जून

रात्री आठ ते अकरा पॅसेजमधल्या ट्यूबलाइटखाली पांढरी चादर पसरून बसले. सोबत तो मानेवर फोड आलेला मुलगा, त्याची आई आणि वॉचमनदादा. चिलटं, तुडतुडे, पतंग, दोन रातकिडे. साडेनऊच्या पुढे, दुपारी पाऊस पडून गेलेला असताना, ते आले.

मी आधी त्यांना मुंग्याच समजले. सात-आठ मिलिमीटर, सडपातळ, भराभर धावणारे. भिंगाखाली रंग दिसले. डोकं काळं, छाती नारिंगी, मग निळसर चकाकीचे अगदी आखूड पंखझाक, त्यापुढे उघडं नारिंगी पोट आणि पोटाचं टोक पुन्हा काळं. डिवचलं की शेपटाचं टोक विंचवासारखं वर करतो. त्या आखूड झाकांखाली उडायचे पूर्ण पंख घडी करून ठेवलेले असतात. हा पेडेरस. भुंग्यांच्या कुळातला, जरी वर्तमानपत्रांत त्याला नैरोबी माशी म्हणतात. २०२२ च्या जुलैमध्ये सिक्कीममध्ये इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांच्या अंगावर असेच फोड आल्याची बातमी होती, तेव्हा हे नाव सगळीकडे झालं.

तो चावत नाही, डंख मारत नाही. त्याच्या रक्तात पेडेरिन नावाचं विष असतं, आणि ते त्याच्या शरीरात राहणारे जिवाणू तयार करतात. किडा अंगावरून नुसता चालत गेला तर काही होत नाही. चिरडला की रक्त कातडीला लागतं आणि एक-दोन दिवसांनी तिथे भाजल्यासारखं होतं. म्हणून डाग नेहमी लांबट, कारण आपण त्याला घासत नेतो. म्हणून मानेवर, कोपराच्या घडीत, डोळ्यांभोवती, कारण झोपेत हात तिथे जातो. आणि म्हणूनच कोळ्यावर आळ. किडा मारून दोन दिवस झालेले असतात, तो कुणाच्या आठवणीत नसतो. वर बघितलं की मात्र जळमटात कोळी बसलेला दिसतो.

तीन तासांत चादरीवर अकरा मोजले. त्या मुलाने त्यांतला प्रत्येक पुठ्ठ्याच्या कडेने उचलून बाटलीत घातला आणि एकालाही बोट लावलं नाही. हाच किडा शेतात मावा आणि पिकांवरच्या बारीक किडी खातो, म्हणून मागच्या मळ्यात तो शेतकऱ्याच्या कामाचा आहे. आपल्या पांढऱ्या दिव्याने त्याला इथे ओढून आणलंय.

भिंतीवर कागद लावला: अंगावर दिसला तर फुंकर मारा किंवा कागदावर चढवून झटका. चुकून चिरडलाच तर ती जागा लगेच साबणाने धुवा, तो हात डोळ्याला लावू नका, कपडा धुवायला टाका. फोड आले असतील तर डॉक्टरांना दाखवा आणि त्यांना हा किडा सांगा.

५ जुलै

चार घरांतून बाथरूममधल्या "छोट्या पाखरांची" तक्रार. केसाळ, राखाडी, बदामाच्या आकाराचे पंख, तीन-चार मिलिमीटर, भिंतीला चिकटून बसतात आणि उडताना जेमतेम हातभर जातात. या मोरीतल्या माश्या. चावत नाहीत. जाळीच्या तोंडावर चिकटपट्टी उलटी करून, थोडी फट ठेवून, रात्रभर लावली. सकाळी ज्या जाळीच्या पट्टीवर माश्या चिकटल्या, तीच त्यांची जागा. पाइपच्या आतल्या बुळबुळीत थरात अळ्या असतात. ॲसिड ओतून तो थर निघत नाही, लांब ब्रशने खरवडावा लागतो.

१२ जुलै

आज कोळी. ज्यांच्यासाठी हे सगळं सुरू झालं त्यांना मी मुद्दाम महिनाभर थांबवून ठेवलं होतं. घाईत पाहून चाललं नसतं.

छताच्या कोपऱ्यात विस्कटलेली जळमटं करणारा, दोऱ्यासारखे लांब पाय असलेला, हा सगळ्यात जास्त. जाळ्याला बोट लावलं की सगळं अंग इतक्या जोराने गरागरा हलवतो की दिसेनासा होतो. पहिल्या मजल्यावर एक मादी अंड्यांचा झुबका तोंडात धरून लटकलेली सापडली. चार-दोन धाग्यांनी बांधलेली वीस-पंचवीस अंडी, मुलीच्या हातातल्या लाडवासारखी. पिल्लं बाहेर पडेपर्यंत ती तशीच धरून राहते. तिच्या जाळ्याखाली काय पडलंय ते कागदावर झाडून घेतलं. डासांचे पाय, चिलटांचे पंख, एक वाळलेली लाल मुंगी.

भिंतीवर उड्या मारत चालणारा, थबकून आपल्याकडे वळून पाहणारा, तो उडीमार कोळी. त्याला आठ डोळे आणि समोरचे दोन मोठे. तो खरंच पाहतो, बोट फिरवलं की त्याच्याबरोबर वळतो. जाळं करत नाही, पण प्रत्येक उडीआधी एक धागा चिकटवून ठेवतो. आमच्या स्वयंपाकघरात जो आहे तो काळा, अंगावर पांढरे पट्टे, नर असावा. ओट्यावरच्या माश्या तो मांजरासारखा दबा धरून पकडतो.

तिसरा इतका लहान की कुणीच नोंदवलेला नव्हता. भिंतीला नखाएवढा पांढरट चपटा ठिपका दिसतो, रंगाचा पोपडा वाटावा असा. ते जाळं, आणि त्याखाली दोन-अडीच मिलिमीटरचा कोळी. मुंगी अडकली की तो तिच्याभोवती गोल गोल धावत दोरा गुंडाळतो.

चौथ्याने किंचाळ्या ऐकवल्या. मीटरबॉक्सच्या मागे, तळहाताएवढ्या पसरलेल्या पायांचा, चपटा, खेकड्यासारखा आडवा पळणारा. चेहऱ्यावर डोळ्यांखाली आडवा पांढरट पट्टा. शास्त्रीय नाव हेटेरोपोडा वेनाटोरिया. रात्री झुरळं मारून खातो, जाळं करत नाही. हातात दाबला तर चावू शकतो आणि दुखतं, पण त्याच्या विषाने माणसाला धोका नसतो. तो माणसापासून पळतो, हे मी तीनदा पुठ्ठा जवळ नेऊन दाखवलं तेव्हा चौथ्या मजल्यावरच्या काकू दोन पायऱ्या खाली आल्या.

२१ जुलै

दुसऱ्या मजल्यावरच्या एका घराने "ढेकणांसाठी" दोनदा पैसे मोजून फवारणी करून घेतली, तरी अंगाला खाज. मी गादीच्या शिवणी उसवल्यासारख्या तपासल्या. पलंगाचे सांधे, स्क्रूची भोकं, डोक्याकडची फळी. ढेकूण असले तर शाईच्या ठिपक्यांसारखी काळी विष्ठा, टाकलेल्या काती आणि रक्ताचे बारीक डाग दिसतातच. इथे एकही नाही. मग आडवं पडून पलंगाखाली पाहिलं तेव्हा चार-पाच मिलिमीटरची, तपकिरी पट्ट्यांची, ब्रशसारखी केसाळ अळी सापडली. लोकरी गालिच्याखाली अशा बऱ्याच. आणि खिडकीच्या काचेवर त्यांचे मोठे झालेले आईबाप, साळीच्या दाण्याहून लहान, पांढरे-पिवळे-काळे ठिपक्याठिपक्यांचे गोल भुंगे.

ही गालिच्याच्या भुंग्याची अळी. लोकर, रेशीम, पिसं, केस, मेलेले किडे खाते. रक्त पीत नाही. तिचे केस तुटून कातडीत रुततात, खाज त्याची. पण आल्या कुठून? एसीच्या बाहेरच्या कठड्यावर पारव्यांचं सोडून दिलेलं घरटं होतं, पिसं आणि मेलेल्या पिल्लाची हाडं. तिथे अळ्यांचा खच. नाकाला फडकं बांधून, घरटं आधी पाण्याने भिजवून, पिशवीत भरून काढलं. गालिचा व्हॅक्यूमने झाडून उन्हात टाकला. घरातल्या काकांनी दोन फवारण्यांचे पैसे गेल्याचं दुःख बोलून दाखवलं. ज्याने फवारणी केली त्याने गादी उलटूनही पाहिली नव्हती. या गोष्टीचा मला राग आहे. नाव न विचारता विष मारणं हा धंदा असू नये.

खरे ढेकूण एकाच ठिकाणी सापडले, वॉचमनदादांच्या खोलीतल्या जुन्या बाजेत. पाच-सहा मिलिमीटर, मसुरीच्या डाळीसारखे चपटे, लालसर तपकिरी, पंख नाहीत. पन्नास अंशांच्या वर ढेकूण अंड्यांसकट मरतो, म्हणून बाजेवर उकळतं पाणी ओतायची आपली जुनी पद्धत बरोबर आहे. अंथरूण कढत पाण्यात धुतलं. नेहमीच्या औषधांना पुष्कळ ढेकूण आता दाद देत नाहीत. दहा दिवसांनी पुन्हा पाहायचं.

४ ऑगस्ट

नाशकातल्याच रविवार कारंजाजवळच्या माहेरच्या वाड्यात गेले होते. ओल्या भिंती, जुने सागवानी खांब, वडिलांच्या पुस्तकांचं कपाट. पुस्तकांत कसर. चंदेरी, मासोळीसारखी निमुळती, शेपटाकडे तीन लांब केस. ती डिंक आणि खळ खाते, म्हणून बांधणीच्या कडेचा कागद वरवर खरवडलेला असतो. त्याच कपाटात, तिच्याहून फार लहान, मिलिमीटरभर, फिकट, मऊ, पळणारे ठिपके. लोक त्यांनाही कसरच म्हणतात, पण त्या कागद खात नाहीत. ओलीमुळे आलेली बुरशी खातात. कपाट कोरडं केलं की त्या आपोआप जातात.

भिंतीवर भोपळ्याच्या बीसारखी, राखाडी, दोन्ही टोकांना उघडी पिशवी सरकताना दिसते, ती सगळ्यांनी पाहिलेली असते आणि तिला नाव कुणाकडेच नसतं. आत पतंगाची अळी राहते. ती दोन्ही तोंडांनी डोकं काढते. कोळ्यांची जुनी जाळी, केस, लोकरीचे तंतू खाते. म्हणजे जळमटं झाडली की तिचंही जेवण जातं.

खांबाच्या बुडाशी पीठ पडलेलं होतं. बोटांत चोळलं तर मैद्यासारखं मऊ, आणि वर मोहरीएवढी गोल भोकं. तो लाकडातला भुंगा. कोरड्या लाकडातली वाळवी असती तर रवाळ दाणे पडले असते, भिंगाखाली सहा पैलूंचे.

माडीच्या तुळईवर कुंभारमाशीचं मातीचं घर होतं, जुनं, भोक पडलेलं. शेजारचं एक अजून बंद होतं, पावसाने सुटून खाली पडलं तेव्हा उघडून पाहिलं. कप्प्यात तेरा कोळी ठासून भरलेले, मेलेले नाहीत, फक्त लुळे. ती माशी त्यांना डंख मारून लुळं करते आणि पिल्लाला ताजं अन्न म्हणून ठेवते. मी घरातल्या कोळ्यांची यादी दोन महिने करत होते, हिच्या एका कप्प्यात माझ्या यादीबाहेरचे तीन प्रकार निघाले.

१७ ऑगस्ट

झुरळं. दोनच प्रकार, पण उपाय वेगळे. गटारातून येणारं मोठं, साडेतीन-चार सेंटिमीटर, तांबूस, मानेच्या ढालीवर पिवळट कडा. ते बाहेरून येतं, म्हणून जाळ्या आणि फटी बंद करणं महत्त्वाचं. दुसरं जेमतेम दीड सेंटिमीटरचं, ढालीवर दोन काळ्या उभ्या रेघा. हे आत, ओट्याखाली, मिक्सरच्या बुडात, फ्रिजच्या रबरात वाढतं. मादी तीस-चाळीस अंड्यांची डबी शेवटपर्यंत शेपटाला धरून फिरते. फवाऱ्याने ती फटीत आणखी आत सरकतात, त्यांना जेलचे थेंब लागतात.

एका खिडकीवर काळा, बारीक, पोट झेंड्यासारखं वरखाली हलवणारा किडा दिसला. लोक माशी समजून मारतात. ती गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातली आहे, आणि झुरळाच्या अंड्यांच्या डबीत आपलं अंडं घालते. तिची अळी ती सगळी अंडी खाते. ही दिसली म्हणजे जवळपास मोठी झुरळं आहेत असं समजून शोधावं. शोधलं, सिंकखालच्या पाइपमागे सापडली.

२४ ऑगस्ट

दुरुस्ती. वहीत १२ जुलैच्या पानावर गॅलरीतल्या जास्वंदीवरची काळी मुंगी अशी नोंद होती, चित्रासह. तो सातवीतला मुलगा चित्र पाहून म्हणाला, "बाई, पाय आठ आहेत." पुन्हा पाहिलं. पुढचे दोन पाय मिशांसारखे उचलून हलवत होता, उरलेल्या सहांवर चालत होता आणि अंगाला कंबरेसारखी खाच होती. मुंगीचं सोंग घेतलेला उडीमार कोळी. बहुतेक पक्षी-किडे मुंगी खाणं टाळतात, त्या आडोशाने तो जगतो. नोंद त्या मुलाच्या नावावर केली.

३१ ऑगस्ट

मीटिंग. इमारतीचा नकाशा भिंतीवर लावला. तीन महिन्यांत फोडांचे पाच रुग्ण. पाचही पावसाच्या दिवसांनंतरचे, पाचही मळ्याच्या बाजूच्या घरांतले, पाचांच्याही खिडकीला जाळी नव्हती. कोळी मात्र सगळ्या मजल्यांवर, सगळ्या बाजूंना सारखे. बाटल्या हातोहात फिरवल्या. अध्यक्षांनी पेडेरसची बाटली बराच वेळ दिव्याकडे धरून ठेवली.

फवारणीचा ठराव मागे घेतला. पॅसेजच्या मळ्याकडच्या पांढऱ्या ट्यूब काढून पिवळे कमी उजेडाचे दिवे लावायचे, दहानंतर बंद ठेवायचे, त्या बाजूच्या खिडक्यांना जाळ्या. फवारणीच्या पैशातून तळमजल्याचं वाळवीचं काम.

१९ सप्टेंबर

चादर पुन्हा पसरली, तेवढेच तीन तास, दुपारी पाऊस झालेला. पेडेरस चार. पिवळ्या दिव्याने कमी झाले की मोसमच उतरला, हे एका रात्रीवरून सांगता येणार नाही, पुढच्या जूनमध्ये पुन्हा मोजायचं. एका घरात जाळी बसायची राहिली होती, तिथे सहावा रुग्ण झाला. पापणी सुजली होती, पण यावेळी त्यांनी डॉक्टरांकडे जाताना किडाच चिकटपट्टीवर लावून नेला.

वॉचमनदादांच्या बाजेत ढेकूण नाहीत. तिसरी तपासणी.

२६ ऑक्टोबर

दिवाळीची साफसफाई. सकाळपासून जिन्यात झाडू. अकरा वाजता तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी हाक मारली. लांब काठीची केरसुणी हातात, मीटरबॉक्सचं झाकण अर्धं उघडलेलं.

"अहो बाई, ही बघा हो. पोटाखाली काहीतरी पांढरं धरलंय हिनं."

तीच मोठी कोळीण, किंवा तिच्या जातीची दुसरी. पोटाखाली रुपयाएवढी चपटी पांढरी पिशवी, आठही पाय भिंतीला टेकवून बसलेली. मी सांगितलं, अंडी आहेत, पिल्लं निघेपर्यंत ती पिशवी सोडायची नाही.

"खाते काय मग तोवर?"

"बहुतेक काहीच नाही."

आजींनी थोडा वेळ पाहिलं. मग झाकण हळूच लावलं, वरच्या कोपऱ्यातली जळमटं काढली आणि केरसुणी घेऊन खालच्या मजल्याकडे वळल्या.